फटफटीचा घसा

आमच्या दांडिया बाजारातील घराच्या जिन्याखाली एक फटफटी गेली कित्येक वर्षे उभी होती. 'मोटरसायकल' हा शब्द आमच्या घरात फारसा रुळलाच नाही. अण्णांच्या तोंडी ती 'फटफटी', आईच्या तोंडी 'ती मेली फटफटी', आणि आम्हां मुलांच्या तोंडी नुसतीच 'गाडी'. १९६२ साली मद्रासच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ती ३५० सीसीची बुलेट. अण्णांचे शिक्षण कलाभवनातले. महाराज सयाजीरावांनी १८९० साली उभारलेल्या त्या संस्थेत एके काळी दादासाहेब फाळक्यांनीही धडे घेतले होते, हे अण्णा प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी सांगत. तेथून हाताला लागलेले वळण असे की, घरातील शिवणयंत्रापासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत कशालाही बाहेरच्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही. फटफटी तर त्यांच्या खास मर्जीतली.

गेल्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला. जिन्याखालची धूळ झटकीत म्हणाला, "काका, ही एकदा सुरू करू या ना!" मलाही हुरूप आला. पेट्रोल घातले, नवा प्लग बसविला, आणि सतराव्या की अठराव्या किकला तिने एकदाचा आवाज दिला. पण तो आवाज तिचा नव्हे. जुन्या बुलेटची ती सावकाश, ऐसपैस चाल कोठेच नाही. कधी धावत सुटायची, कधी धापा टाकून बंद पडायची. धूर काळा, प्लग काजळीने माखलेला, आणि कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोलचे थेंब. पुतण्याने लगेच निदान केले. "कार्ब्युरेटर गेला, काका. आता जपानी बनावटीच्या नमुन्याचा नवा मिळतो. तो बसवा आणि मोकळे व्हा."

त्याचे म्हणणे काही चूक नव्हते. पुढे बुलेटवरही तशाच नमुन्याचे कार्ब्युरेटर येऊ लागले आणि ते उत्तम चालले. पण अण्णांच्या गाडीवर होता तो इंग्लंडातील अमल कंपनीच्या रचनेचा 'मोनोब्लॉक'. अण्णा रविवारी सकाळी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून तो उघडून बसत, आणि एकेक भाग पेट्रोलमध्ये धुऊन ओळीने मांडीत. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी पुतण्याला म्हटले, "आधी चाचांना दाखवू."

चाचा म्हणजे पाणीगेटच्या बाजूचे आमचे जुने मिस्त्री. वय पंचाहत्तरीच्या पलीकडे. आता गॅरेज मुलगा पाहतो. हे खाटेवर बसून चहा पितात आणि येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतात. त्यांनी आमची गाडी ऐकली, हात वर करून बंद करायला सांगितली आणि स्वच्छ शब्दांत सल्ला दिला : "साहेब, नवा बसवा. स्वस्त पडेल, आणि माझीही मेहनत वाचेल. जुना दुरुस्त करायचा तर चार दिवस लागतील." मी म्हणालो, "लागू द्यात." ते हसले आणि मुलाला पाने आणायला सांगितले.

वाचकांपैकी ज्यांचा या यंत्राशी कधी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंजिनाला नुसते पेट्रोल जळत नाही. वजनाने सुमारे पंधरा भाग हवेत एक भाग पेट्रोल मिसळावे लागते. हे मिश्रण करणारा स्वयंपाकी म्हणजे कार्ब्युरेटर. इंजिन श्वास घेते तेव्हा हवा त्याच्या अरुंद घशातून वेगाने आत शिरते. तेथे दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप वर खेचले जाते. वाटीतली पातळी कायम ठेवायला एक फ्लोट असतो. आपल्या पाण्याच्या टाकीतला गोळा जसा पाणी भरले की नळ बंद करतो, तसाच हा. घशात वरखाली होणारी स्लाईड किती हवा जाऊ द्यायची ते ठरविते; तिच्या पोटाला लटकणारी निमुळती सुई खालच्या जेटमध्ये सरकत पेट्रोल मोजून देते. आणि गाडी जागेवर उभी राहून मंद चालते तेव्हा सारा कारभार पायलट जेट नावाच्या एका चिमुकल्या पितळी तुकड्याकडे असतो. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान.

चाचांनी पहिल्याने स्लाईड काढली आणि पुन्हा घशात घालून बोटाने हलविली. ती खडखड वाजली. म्हणाले, "हिची बाजू घासली. शरीर जस्ताच्या मिश्रधातूचे, आणि स्लाईडही त्याचीच. मऊ धातूवर मऊ धातू वर्षानुवर्षे घासला की दोघेही झिजतात. मग फटीतून वाटेल तशी हवा आत शिरते, आणि मंद चालीवर इंजिन बिथरते." मग सुई व तिचा जेट भिंगाखाली धरला. सुई एका अंगाला चमकत होती, आणि ज्या जेटचे भोक इंचाच्या .१०६५ मापाचे, अगदी वाटोळे असायला हवे, ते किंचित लांबट झाले होते. हा फरक नुसत्या डोळ्याला दिसतही नाही. पण अर्ध्या थ्रॉटलवर गाडी त्यामुळेच पेट्रोल पिते. सुई आणि जेट ही जोडी नेहमी एकत्रच बदलायची, एक नवे नि एक जुने असा संसार चालत नाही, हे चाचांचे सूत्र.

फ्लोटची सुई बसायच्या जागी रेघ पडली होती. थेंब गळत होते ते त्यामुळे. आणि इंजिनाला चिकटणारी चपटी बाजू, तिला फ्लँज म्हणतात, तिच्यावर चाचांनी पोलादी पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरली. मध्यभागी उजेडाची बारीक रेघ दिसली. कुणी तरी नट गरजेपेक्षा जास्त आवळले होते, त्यामुळे दोन्ही कान वाकले होते. "ताकदीने काम करणारे फार," चाचा पुटपुटले. मी गप्प राहिलो. त्या काळी घरात ताकदीचे प्रयोग कोण करी, ते मला ठाऊक होते.

फ्लँज सपाट करण्याची कृती मोठी पाहण्याजोगी. जाड काचेचा तुकडा, त्यावर बारीक पॉलिश पेपर, आणि त्यावर ती बाजू इंग्रजी आठच्या आकड्यासारखी हळूहळू फिरवायची. मधूनमधून पुसून पाहायचे. घाई केली की एक कोपरा खाली जातो. चाचांच्या मुलाने अर्धा तास ते काम केले, आणि चाचा न बोलता त्याच्या मनगटाकडे पाहत राहिले.

चौथ्या दिवशी नवे भाग आले. अमलचे भाग इंग्लंडात आजही बनतात आणि आपल्याकडेही त्यांच्या नमुन्याचे मिळतात. मात्र त्यांत सगळेच मापाला खरे असतात असे नाही. चाचांनी दोन स्लाईड परत पाठविल्या, तिसरी पसंत केली. जुन्या शरीरात ती तेल न लावताही आपल्याच वजनाने सरकत खाली गेली आणि वाजली नाही. "आता घसा बरा," असे म्हणून ते शेवटच्या कामाकडे वळले. पायलट जेट काढायचा, आणि बाजूचा हवेचा स्क्रू पाहायचा.

हा स्क्रू पूर्ण आवळून मग साधारण दीड फेरा सोडायचा, अशी रीत. आत घेतला की हवा कमी, बाहेर काढला की हवा जास्त. चाचांनी तो आवळताना फेरे मोजले आणि थांबले. जवळजवळ साडेतीन फेरे तो बाहेर होता. म्हणजे कुणी तरी पुन्हा पुन्हा हवा वाढवून पाहिली होती, आणि तरीही पेट्रोल जास्तच होत होते. त्यांनी पायलट जेट काढला, भिंगाखाली धरला, शेजारी नवा जेट धरला, आणि मान न उचलता म्हणाले :

"साहेब, आमां कोईए तार नाख्यो छे."

बडोद्यात वाढलेल्या कोणत्याही मराठी माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. मला तर तो जरा जास्तच कळला.

१९७४ सालची गोष्ट. मी सतरा वर्षांचा. गाडी मंद चालीवर बंद पडत होती. अण्णा कचेरीत गेले होते, आणि मी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्यांच्यासारखाच बसलो. पायलटचे भोक बुजले होते. फुंकून ते मोकळे होईना. ताई तेव्हा संगीत महाविद्यालयात सतार शिकत होती. तिच्या खोलीत तुटलेल्या तारेचा तुकडा पडला होता. पोलादी, बारीक, ताठ. तो मी त्या पितळी भोकात घातला आणि चांगला गरगर फिरविला. गाडी सुरू झाली. संध्याकाळी अण्णांनी ती दोन फेऱ्या फिरवून पाहिली आणि शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "पायलट पोराने स्वतः साफ केला बरं का." माझी छाती त्या दिवशी किती फुगली होती, ते मलाच माहीत.

पितळ मऊ, पोलाद कठीण. जे भोक कारखान्यात थेंब मोजून पाडलेले, ते मी एका संध्याकाळी मोठे करून ठेवले. त्यानंतर गाडी लिटरला पस्तीस किलोमीटर जायची ती बावीस-तेवीसवर आली. १९७३ च्या तेलसंकटानंतरचे ते दिवस. पेट्रोलचा भाव भडकलेला. अण्णांनी प्लग बदलले, व्हॉल्व्ह घासले, रिंगा नव्या घातल्या. रविवारमागून रविवार ते कारण शोधीत राहिले. सगळीकडे शोधले, फक्त पायलट जेट उघडून पाहिला नाही; कारण तो मुलाने साफ केला होता. १९७९ साली एके दिवशी त्यांनी गाडी जिन्याखाली लावली, वर गोणपाट टाकले आणि म्हणाले, "म्हातारी झाली." पुढे ते स्कूटर चालवू लागले, आणि १९९८ साली गेले. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी चाचांना सारे सांगितले. ते थोडा वेळ जेट बोटांत फिरवीत राहिले. मग म्हणाले, "अर्धा दोष तारेचा, साहेब. अर्धा वयाचा. सुई, स्लाईड हे तर झिजणारच होते." माणूस खरा, म्हणून त्यांनी पूर्ण माफी दिली नाही. नव्या जेटच्या भोकात त्यांनी तसलीच एक बारीक तार घालून दाखविली. ती कशीबशी गेली. जुन्यात ती सैल डुलत होती.

नवा पायलट बसला. इंजिन पुरते गरम होऊ दिले, मग हवेचा स्क्रू हळूहळू फिरवीत चाचांनी कान लावला. दीड फेऱ्याच्या जरासे अलीकडे गाडी एकदम शांत झाली आणि आपल्या जुन्या चालीवर आली. डुग, डुग, डुग. पुतण्या तेव्हा पुण्याला परतला होता. त्याला मी फोनवर आवाज ऐकविला. ताई इंदूरला असते. तिलाही ऐकविला आणि तारेची गोष्ट पन्नास वर्षांनी सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, ती तार मी किती शोधली होती!"

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आता पेट्रोलचे मोजमाप विजेवर चालणारे यंत्र करते, आणि ते अधिक अचूक करते. त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्या घरी जिन्याखाली अशी एखादी गाडी असेल त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जेट तारेने कधी साफ करू नये. पेट्रोलमध्ये भिजवावा आणि हवेने फुंकावा. नट बेताने आवळावेत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला व जस्ताच्या धातूला बाधते. म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी. आणि झिजलेला भाग बदलताना शेजारचा स्क्रू किती फेरे बाहेर आहे, ते आधी मोजून लिहून ठेवावे. पूर्वीच्या माणसाने काय काय करून पाहिले, ते तेवढ्यानेच कळते.

आता रविवारी पहाटे मी सूरसागराला एक फेरी मारून येतो. जुना पायलट जेट अण्णांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे. टाकून देण्यासारखा तो आहेच. पण अजून माझा हात होत नाही.