काउंटरवरचा हिरवा चेहरा

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचं नाशिकचं कुटुंब बावीस वर्षांनी दुबई सोडून गेलं. व्हिसा कॅन्सल करण्याचं काम कंपनीच्या पीआरओनं ऑनलाइन उरकलं. वहिनींनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर अर्ज मंजूर झाल्याची एक ओळ होती. "बावीस वर्षं राहिलो गं, आणि निरोपाला समोर माणूससुद्धा नाही," त्या म्हणाल्या. ते वाक्य मला लागलं. कारण लोकांच्या आनंदासाठी याच देशानं, संयुक्त अरब अमिरातीनं, स्वतंत्र मंत्री नेमला, त्याला फेब्रुवारी २०२६मध्ये दहा वर्षं झाली.

त्याआधीचा इतिहास चार ओळींत आटोपतो. १९७१ला अमिरात हे संघराज्य झालं आणि शेख मक्तूम बिन रशीद पहिले पंतप्रधान झाले. तेव्हापासून अर्थखातं सांभाळणारे शेख हमदान बिन रशीद २०२१मध्ये निधन होईपर्यंत त्याच खात्यावर होते. पहिली महिला मंत्री, शेखा लुब्ना अल कासिमी, यायला २००४ उजाडलं. मी २००९ला इथं आले तेव्हा आमच्या मराठी घरांत मंत्र्यांची नावं कुणाला ठाऊक नसत. आपल्याला मत नाही, मग मंत्री कोण का असेना, असं सगळे म्हणत.

२०१६नं ते बदललं. पंतप्रधान शेख मोहम्मद बिन रशीद यांनी युवा खात्यासाठी देशातल्या विद्यापीठांकडूनच नावं मागवली आणि शम्मा अल मझरूई बाविसाव्या वर्षी मंत्री झाल्या. सहिष्णुतेचं नवं खातं लुब्ना यांच्याकडे गेलं, आनंदाचं अहूद अल रूमी यांच्याकडे. मंत्रिमंडळातल्या २९ जणांत ८ महिला. पुढच्याच वर्षी उमर अल उलमा सत्ताविसाव्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेचे मंत्री झाले. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती वर्तमानपत्रातल्या शम्माबाईंच्या फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिली, हे मी विसरलेले नाही.

दुबईच्या सरकारी काउंटरवर २०१४पासूनच एक छोटा पडदा असे. त्यावर तीन चेहरे: हिरवा हसरा, पिवळा गप्प, लाल रुसलेला. काम झालं की बोट लावायचं. सासूबाईंना घेऊन एकदा व्हिसाच्या कामाला गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. निघताना पडदा पाहून त्यांनी विचारलं, "हे काय गं?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, हिरव्या चेहऱ्यावर हलकेच बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "तहसील कचेरीत उभा जन्म गेला माझा. बरं वाटलं का म्हणून कुणी कधी विचारलं नाही."

गावाकडचे नातेवाईक तेव्हा हसले होते. आनंदाचा कुठं मंत्री असतो का, नुसता देखावा! त्यांना आज उत्तर द्यायचं आहे. महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २०१४ला १२२ जागांच्या बळावर भाजपचं अल्पमतातलं सरकार आलं, तेव्हा शपथ घेणाऱ्या दहा जणांत दोन महिला होत्या. पाचच आठवड्यांत शिवसेना आली आणि खुर्च्यांची नवी वाटणी झाली. जून २०२२मध्ये आलेल्या सरकारात तर वर्षभर एकही महिला मंत्री नव्हती. जिजाऊ-सावित्रीचं नाव घेणाऱ्या राज्यात! देखावा कशाला म्हणायचं?

पण अल्पमताचं सरकार म्हणजे ओढाताणच असं नाही. १९८६मध्ये नॉर्वेत ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांचं सरकारही अल्पमतातलंच होतं, आणि त्यांच्यासह १८ जणांत ८ महिला होत्या. त्यांच्या मजूर पक्षानं १९८३मध्येच चाळीस टक्क्यांचा नियम करून ठेवला होता. नियम होता म्हणून ती गोष्ट पुढे तिथली रीत झाली.

इथल्या आनंदखात्याला तसा आधार नव्हता. ५ जुलै २०२०ला, कोविडच्या ऐन धास्तीत, सरकारची फेररचना झाली. आनंदाचं वेगळं मंत्रिपद गेलं, काम समाजविकास खात्याकडे वळलं. अहूदबाई सरकारी विकास आणि भविष्याच्या मंत्री झाल्या. त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट होती: दोन वर्षांत निम्मी सरकारी सेवा केंद्रं बंद करून ती कामं डिजिटल करायची. म्हणजे मंत्रिपद आणि काउंटर यांचा निरोप एकाच दिवशी ठरला. वेळ वाचला, रांगा गेल्या, हे खरं. पण पाण्याचा ग्लास पुढे करणारी मुलगीही गेली.

उलट, संघराज्याच्या राष्ट्रीय परिषदेच्या ४० जागांपैकी निम्म्या महिलांना द्यायचा निर्णय २०१८च्या डिसेंबरात झाला, आणि तो २०१९पासून पाळला जातोय. जे कायद्यात बसलं ते टिकलं. जे न मागता मिळालं, ते जाताना आपल्याला कुणी विचारलं नाही. आम्ही पाहुणे, आम्ही ते मागितलं नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी भांडायचा हक्कही आमच्याकडे नव्हता. गेलं तेव्हा आमच्यातलं कुणी बोललंसुद्धा नाही. मीही नाही. आज बोलतेय.

सासूबाईंना आता प्रवास झेपत नाही. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "ते तोंडांचं यंत्र आहे का गं अजून?"

"त्या ऑफिसात आता कुणी जातच नाही, आई," मी म्हटलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.