काडेपेट्यांपासून गोच्या पटापर्यंत

ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड मिची यांनी १९६१ साली ३०४ काडेपेट्यांचे एक यंत्र रचले आणि त्याला फुली-गोळा शिकवला. डावातल्या एकेका स्थितीसाठी एकेक पेटी, पेटीत रंगीत मणी आणि प्रत्येक रंग म्हणजे पटावरचे एक घर. पेटी हलवायची आणि जो मणी पुढे येईल त्याच्या घरात खूण करायची. डाव जिंकला की वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्या रंगाचे तीन मणी वाढवायचे, बरोबरी झाली तर एक, आणि हरला तर खेळलेला मणी काढून घ्यायचा. सुरुवातीला वाटेल तसे खेळणारे हे यंत्र डाव वाढत गेले तसे सुधारत गेले. फसलेल्या चालीची शक्यता घटायची आणि साधलेलीची वाढायची. यापलीकडे आत काहीच घडत नव्हते. स्वतः खेळून शिकणाऱ्या यंत्रांचा गाभा आजही बराचसा हाच आहे. फक्त मण्यांच्या जागी कोट्यवधी आकडे आले.

हे आकडे कुठवर पोचतात ते ‘गो’ या चिनी उगमाच्या खेळात दिसले. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा, त्यांचे ३६१ छेदबिंदू, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, आणि उद्देश प्रदेश घेरण्याचा. लंडनच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फागो’ने आधी माणसांच्या डावांतल्या सुमारे ३ कोटी स्थिती अभ्यासल्या, मग स्वतःच्याच आवृत्त्यांशी खेळून तयारी वाढवली. मार्च २०१६ मध्ये सोल येथे त्याने दक्षिण कोरियाच्या ली सेडोल यांना ४-१ असे हरवले.

दुसऱ्या डावात यंत्राची ३७वी सोंगटी कडेपासून पाचव्या रेघेवर पडली. डावाच्या त्या टप्प्यावर तिसरी-चौथी रेघ धरावी असे जाणते खेळाडू सांगत आले होते. समालोचकांना क्षणभर ती चूकच वाटली. ली यांनी उत्तर द्यायला दहा मिनिटांहून अधिक वेळ घेतला. माणूस अशी चाल खेळण्याची शक्यता यंत्राने स्वतः दहा हजारांत एक धरली होती. चौथ्या डावात ली यांनी ७८वी चाल खेळली, तिलाही यंत्राच्या लेखी तेवढीच शक्यता होती. उत्तरात यंत्र चुकले, आणि आपले बिनसले आहे हे त्याच्या हिशेबात उमटायला ८७वी चाल उजाडली. या दोन्ही चालींना सर्जनशील म्हणायला हरकत नसावी. मात्र यंत्राला आपण परंपरा मोडतो आहोत याची जाणीव नव्हती. त्याला फक्त जिंकण्याची शक्यता वाढताना दिसत होती.

अशी अनोळखी उत्तरे शोधण्यात उत्क्रांती या यंत्रांची थोरली बहीण ठरते. ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९०च्या दशकात फेररचना करता येणाऱ्या चिपवर मंडलांच्या हजारो पिढ्यांची निवड चालवली. एक किलोहर्ट्झ आणि दहा किलोहर्ट्झ हे दोन स्वर वेगळे ओळखायचे, एवढेच काम. अखेरीस तयार झालेल्या मंडलातले काही घटक बाकीच्यांना जोडलेलेही नव्हते, तरी ते बंद केले की काम बिघडे. तीच रचना चिपच्या दुसऱ्या भागावर हलवली की कामगिरी घसरे. निवडीने त्या विशिष्ट तुकड्याचे भौतिक गुणच वापरून घेतले होते. असे मंडल कोणताही अभियंता काढणार नाही.

तरी मशीन लर्निंग म्हणजे उत्क्रांती नव्हे. उत्क्रांतीत बदल आंधळेपणाने होतात आणि निवड मागाहून येते. न्यूरल नेटवर्कमध्ये चूक मोजून प्रत्येक आकडा कोणत्या बाजूला सरकवायचा ते काढता येते. ही पद्धत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६च्या लेखाने रूढ झाली. मेंदूत असे काही चालते का, यावर फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ साली घेतलेली शंका अजून पुरती फिटलेली नाही.

माणसाच्या शिकण्यामागे उत्क्रांतीची शिदोरी असते, पण ती समजते तेवढी मोठी नाही. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, म्हणजे फार तर ७५ कोटी बाइट माहिती. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि त्यांच्या जोडण्या त्याहून हजारो पट. प्रत्येक जोडणीचा तपशील या संचात मावणे शक्यच नाही. वारशाने येते ती मुख्यतः शिकण्याची घडण. बाकीचे अनुभवाने आणि दुसऱ्याने समजावून सांगितल्याने भरते. समजावून सांगणे ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट, आणि माणूस व यंत्र यांच्या तुलनांमध्ये तीच सहसा विसरली जाते.

तिच्या अभावाचा परिणाम २०१७ सालच्या ‘अल्फागो झिरो’मध्ये स्पष्ट दिसतो. त्याला माणसांचा एकही डाव दाखवला नव्हता. पाटी कोरी म्हणावी, तर नियम आणि नेटवर्कची रचना मात्र माणसांनीच दिलेली. तीन दिवसांत स्वतःशी ४९ लाख डाव खेळून त्याने ली यांना हरवणाऱ्या आवृत्तीवर १००-० अशी मात केली. रोज दहा डाव तीस वर्षे खेळणाऱ्या माणसाचे डाव जेमतेम लाखभर होतात. पण नवशिक्याला सुरुवातीलाच शिकवतात तो ‘शिडी’चा डावपेच या यंत्राला फार उशिरा उमगला. शिडीत पळणाऱ्या सोंगट्यांचा पाठलाग एकाच आकृतीत पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. माणसाला आकृती एकदा कळली की पुरते; यंत्राला पुढच्या चाली मोजत बसावे लागते.

अशीच मागे राहिलेली एक फट २०२३ साली वापरली गेली. अमेरिकेतला हौशी खेळाडू केलिन पेलरिन याने ‘काटागो’ या बलाढ्य प्रणालीशी १५ डाव खेळून १४ जिंकले. डावपेच एका दुसऱ्या प्रोग्रामने शोधला होता: यंत्राच्या सोंगट्यांना सावकाश मोठा वेढा घालायचा आणि इतरत्र चाली करून त्याचे लक्ष गुंतवायचे. जाणत्या खेळाडूला सहज दिसणारा धोका यंत्राला अखेरपर्यंत जाणवत नव्हता. त्या हल्ल्याविरुद्ध मुद्दाम प्रशिक्षण दिल्यावर जुना डावपेच निष्प्रभ झाला, पण बदललेल्या आवृत्तीलाही हरवणारे नवे हल्ले संशोधकांना सापडले.

उलट दिशेने माणसे यंत्राकडून शिकलीच. १९५० ते २०२१ या काळातल्या व्यावसायिक खेळाडूंच्या ५८ लाखांहून अधिक चालींच्या अभ्यासात असे आढळले की, यंत्रे माणसांपुढे गेल्यानंतर खेळाडूंचे निर्णय सुधारले आणि पूर्वी कुणी न खेळलेल्या चालीही वाढल्या.