विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉईडच का?

पावसाळ्यात दोन दिवस ताप हटला नाही की कुणीतरी सुचवतं, ‘विडाल करून घ्या.’ संध्याकाळी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि मुदतीच्या तापाचं निदान पक्कं झालं असं घरदार मानून चालतं.

पण विडाल टायफॉईडचे जंतू शोधतच नाही. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने केलेल्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, ती मोजते. ती पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडा जातो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टवरून टायफॉईड नाही असं ठरत नाही. पॉझिटिव्हचंही तसंच. ती प्रतिपिंडं जुन्या संसर्गाची असू शकतात. मलेरियासारख्या भलत्याच तापातही चाचणी पॉझिटिव्ह येते.

मग रिपोर्टवर ‘१:३२०’ वाचून पोटात गोळा येतो. हा आकडा आजाराची तीव्रता सांगत नाही. रक्तातला द्रव तितका पातळ केल्यावरही चाचणीसाठी त्यात मिसळलेले जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे टायफॉईडचे जंतू इतके पसरलेले आहेत, की धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीफार प्रतिपिंडं सापडतात. खरं तर सात ते दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन पातळी चौपट वाढली का, हे पाहायला हवं. तोवर थांबतो कोण? रुग्ण बरा होऊन कामावर रुजू झालेला असतो.

फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये फ्रान्समध्ये ही चाचणी मांडली. स्वस्त आणि झटपट म्हणून ती आजही चालते. एकट्या रिपोर्टवर निदान करण्याइतकी ती भरवशाची नाही.

त्याहून भरवशाचं ब्लड कल्चर. त्यात प्रत्यक्ष जंतू वाढवून पाहतात आणि कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल तेही कळतं. दोन-तीन दिवस लागतात, खर्चही जास्त. तेही काही रुग्णांत चुकतं, विशेषतः आधीच अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर.

बरं झाल्यावर ‘टायफॉईड गेला का’ म्हणून पुन्हा विडाल करणं निव्वळ पैसे घालवणं आहे. प्रतिपिंडं कित्येक महिने रक्तात राहतात. त्यावरून ‘टायफॉईड अंगात मुरलाय’ असं ठरवून औषधं घेऊ नका. आणि ताप तीन-चार दिवसांवर गेला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: ब्लड कल्चर करायचं का?