रिव्हर्स कॅमेऱ्याला वीज कुठून?

• नेहमीची जागा : रिव्हर्स दिव्याची पॉझिटिव्ह वायर. गिअर मागे पडला की दिवा आणि कॅमेरा एकदमच चालू. कॅमेऱ्याची लाल वायर तिला, काळी बॉडीच्या रंग खरवडलेल्या धातूला.

• भार : नेहमीचा रिव्हर्स बल्ब 21 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर. कॅमेऱ्याला त्याचा छोटासा अंश पुरतो. तरीही लहान फ्यूज हवाच, आणि तोही जोडाच्या जवळ.

• ट्रिगर : स्क्रीनला गिअरची खबर देणारी वेगळी वायर. ती सुटली तर कॅमेरा चालू असूनही चित्र आपोआप येत नाही. पुष्कळ व्हिडिओ केबलींत यासाठी एक बारीक लाल वायर सोबत असते.

• चित्र लुकलुकते? काही नव्या गाड्यांत दिव्याला वीज सलग न जाता तुटक ठोक्यांनी जाते. दिव्यात ते दिसत नाही, कॅमेऱ्याला मात्र बाधते. अशा वेळी फ्यूज बॉक्समधल्या, किल्लीसोबत चालू होणाऱ्या सर्किटमधून रिलेमार्गे वीज घेतात. दिव्याची वायर फक्त रिलेला इशारा देते. गरजेनुसार फिल्टरही लावतात.

• ट्रक, बस : बहुतेक 24 व्होल्ट. फक्त 12 व्होल्टचा कॅमेरा थेट जोडला तर जळू शकतो; मध्ये कन्व्हर्टर लागतो.

• वायरचा रंग गाडीगणिक बदलतो. रंगावर विसंबू नये, मल्टिमीटर लावावा : इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला.

• कायदा : अमेरिकेत मे 2018 पासून नव्या हलक्या वाहनांत मागचे दृश्य दाखवणारी यंत्रणा सक्तीची. भारतात जुलै 2019 पासून नव्या कारना सक्ती आहे ती रिव्हर्स सेन्सरची, कॅमेऱ्याची नव्हे.