समुद्राविना बेटाची सहल : नवेगावबांध

ज्या गोंदिया जिल्ह्याला समुद्राचे दर्शन घ्यावयाचे तर अवघा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, त्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, सातबहिणींच्या डोंगररांगेने वेढलेला एक विस्तीर्ण जलाशय असून त्याच्या मध्यभागी मालडोंगरी नावाचे एक बेटही आहे, हे मुंबईकर मित्रांना सांगितले असता ते प्रथम अविश्वासाने हसतात. हसोत बापडे!

हा तलाव निसर्गनिर्मित नव्हे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी बांधांनी अडवून तो सिद्ध केला, आणि कृतज्ञ रयतेने पुढे त्यांनाच कोलासुर देव म्हणून पूजिले. धानाच्या बांध्यांना पाणी पुरविणारे असे तलाव बांधणे हे कोहळी समाजाचे परंपरागत कसब. हे तलाव ज्या गावमालकांच्या, म्हणजे मालगुजारांच्या, ताब्यात होते, त्यांची मालगुजारी ही महसूलवसुलीची पद्धत 1950 च्या कायद्याने संपुष्टात आली, तरी सरकारदप्तरी हे तलाव आजही ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, याच नावाने नोंदले जातात.

1975 साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले; अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी या नात्याने येथील पक्षिजीवनाचे जे सूक्ष्म निरीक्षण केले, ते वाचून यावे, म्हणजे बेटावरील वृक्षांकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. स्थलांतरित बदके हिवाळ्यात उतरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीतील सकाळ उत्तम. दुर्बीण अवश्य आणावी, पोहण्याचा मोह टाळावा, आणि वेळ उरल्यास गाढवी नदीवरील इटियाडोह धरण पाहून, गोठणगावच्या तिबेटी वसाहतीवरून परतावे.