मार्क ट्वेन : बोली, खिळे आणि द्रव्य

लेखकाच्या द्रव्यार्जनाचा प्रश्न वरवर पाहता भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा वाटतो. सॅम्युएल क्लेमेन्स ऊर्फ मार्क ट्वेन (१८३५–१९१०) याच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही.

त्याचे टोपणनावच मिसिसिपी नदीवरील नावाड्यांच्या बोलीतले आहे. पाणी दोन वाव, म्हणजे १२ फूट, खोल असल्याची ती आरोळी होय. छापखान्यातील उमेदवारीत व पुढे आगबोटीवर सुकाणू धरताना कानी पडलेले बोलणे त्याच्या आठवणींत आणि कादंबऱ्यांत उतरले. ‘हकलबरी फिन’च्या (१८८४) आरंभीच्या टिपेत तर त्याने सात बोलीभेदांची नोंद केली आहे. हीच कादंबरी १८८५ मध्ये कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने ग्राम्य म्हणून वर्ज्य केली.

पुस्तकांनी त्यास सधन केले. पण सुमारे ३ लाख डॉलर त्याने खिळे जुळविणाऱ्या पेज यंत्रात घातले. लायनोटाइपपुढे ते यंत्र टिकले नाही. १८९४ मध्ये त्याच्या प्रकाशनसंस्थेचेही दिवाळे निघाले. कायद्याचे बंधन नसताही त्याने संपूर्ण कर्जफेड पत्करली व १८९५-९६ मध्ये जगभर व्याख्याने दिली. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईसही आला होता. १८९८ पर्यंत तो ऋणमुक्त झाला.

सारांश, खिळ्यांच्या यंत्रापायी द्रव्य गमावल्यावर कर्जफेडीसाठी त्याने वाणीचाही आधार घेतला. बोलीस ‘अशुद्ध’ ठरवून संकलनातून गाळण्यापूर्वी आपल्या अभ्यासकांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे.