‘परिणामकारकता’ मोजण्याआधी : भूगोल अध्यापनात संशोधनाचा प्रश्न कसा शोधाल?

पीएच.डी.साठी किंवा एम.एड.च्या लघुशोधासाठी ‘माध्यमिक स्तरावरील भूगोल अध्यापन’ हा विषय घ्यायचं ठरवलं, की पहिलं शीर्षक बहुतेकांच्या मनात एकच येतं : ‘इयत्ता नववीच्या भूगोलासाठी अमुक पद्धतीची परिणामकारकता’. पूर्वचाचणी घ्यायची, प्रायोगिक गटाला नव्या पद्धतीने शिकवायचं, नियंत्रित गटाला नेहमीसारखं, मग उत्तरचाचणी, टी-मूल्य आणि ‘सार्थक फरक आढळला’. झालं संशोधन!

या आराखड्यात चूक काही नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारा : तुमची संपादन चाचणी नेमकं काय मोजते? विद्यार्थ्याला कळलं हे, की त्याने पाठ केलं हे? चाचणी फक्त पाठांतर मोजत असेल, तर पद्धत कितीही चांगली असो, तुमचा निष्कर्ष पाठांतराबद्दलचाच असणार. त्यावर तुमची तीन-चार वर्षं जाणार आहेत, म्हणून आधीच थांबून विचार केलेला बरा.

एक उदाहरण घेऊ. ऋतू कसे होतात हे मुलं आपल्याकडे सातवीत शिकतात. नववी-दहावीतल्या विद्यार्थ्याला विचारलं, तर तो ‘पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे’ असं पटकन सांगेल. त्याला पूर्ण गुण. आता पुढचा प्रश्न विचारा : ‘आस कलला की उष्णता का वाढते?’ इथे अनेकदा उत्तर येतं, ‘तो भाग सूर्याच्या जवळ येतो म्हणून.’ म्हणजे वाक्य पुस्तकातलं, पण मनातली कल्पना जुनीच : जवळ म्हणजे गरम. ही समजूत फक्त आपल्याच मुलांची नाही. १९८७ सालच्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या अनेकांनी हेच कारण सांगितलं होतं.

प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला (सुमारे १४.७ कोटी किमी) आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला (सुमारे १५.२ कोटी किमी). जानेवारीत आपण तर स्वेटर घालून फिरतो!

मग हे मोजायचं कसं?

यासाठी ‘द्विस्तरीय निदान चाचणी’ हे साधन उपयोगी पडतं. विज्ञान शिक्षणाचे ऑस्ट्रेलियन संशोधक डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये ते तयार करण्याची रीत मांडली. पहिल्या स्तरात उत्तर निवडायचं, दुसऱ्या स्तरात त्यामागचं कारण. दहावीच्या भूगोलात भारतासोबत ब्राझील आहेच, त्यावरून एक नमुना पाहा :

डिसेंबरमध्ये आपल्याकडे हिवाळा असतो. तेव्हा दक्षिण ब्राझीलमध्ये कोणता ऋतू असतो? (अ) हिवाळा (आ) उन्हाळा

कारण : (१) पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ असते. (२) आस कलल्यामुळे दक्षिण गोलार्ध सूर्याच्या जवळ येतो. (३) दक्षिण गोलार्धात सूर्यकिरण जास्त लंबरूप पडतात आणि दिवस मोठा असतो. (४) तिथे तेव्हा रात्र असते.

(आ) आणि (३) ही जोडी बरोबर. ज्याने (आ) आणि (२) निवडलं, त्याला साध्या चाचणीत पूर्ण गुण मिळाले असते. इथे मात्र तो सापडतो. शिवाय चार पर्यायांच्या प्रश्नात अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के असते. इथे ८ जोड्यांपैकी एकच बरोबर, म्हणजे १२.५ टक्के.

पर्याय आणायचे कुठून?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. चुकीचे पर्याय टेबलावर बसून बनवू नका. आधी २०-२५ विद्यार्थ्यांना मोकळे प्रश्न विचारा, त्यांचीच वाक्यं लिहून घ्या आणि त्यातून पर्याय तयार करा. परदेशी चाचणीचा नुसता अनुवाद तर मुळीच करू नका. तिथल्या प्रश्नांत चार ऋतू असतात आणि जुलै म्हणजे भर उन्हाळा. आपल्याकडे ऋतू तीन, जुलैत पाऊस आणि सगळ्यात जास्त ऊन एप्रिल-मे महिन्यांत. मुलाचं उत्तर चुकलं, तर त्याची संकल्पना चुकली की तुमचा प्रश्न परका होता, हे तुम्हाला कळणारच नाही.

पद्धत निवडायची वेळ आता आली

अडचण ‘जवळ म्हणजे गरम’ ही आहे हे कळल्यावर उपायही नेमका सुचतो. एक मीटरची काठी मैदानात सरळ उभी करा आणि स्थानिक मध्यान्ही सावली मोजा. पुण्यात ही वेळ डिसेंबरमध्ये साधारण १२:३३ ला येते, कारण पुणे प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे. २२ डिसेंबरला सावली सुमारे ९० सेंमी भरेल, २१ मार्चला सुमारे ३३ सेंमी. ढग नसतील, तर २१ जूनला जेमतेम ९ सेंमी, तीही दक्षिणेकडे! किरण तिरपे पडणं म्हणजे काय, हे मुलं स्वतः पट्टीने मोजतात.

आता वेळापत्रकही बघा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस पुण्यात मेच्या मध्यात, म्हणजे सुट्टीत. दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस, म्हणजे ढगांत. त्यामुळे उपक्रम सप्टेंबर ते मार्च असा आखावा लागेल. सिनॉप्सिसमध्ये हे लिहिलंत, तर मार्गदर्शकांना दिसेल की तुम्ही शाळेचा विचार केलाय.

शेवटी एक सुचवतो. उत्तरचाचणीनंतर दीड-दोन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या. पाठ केलेलं तोवर गळून जातं आणि जुनी समजूत परत डोकं वर काढते. तेव्हाही जे टिकलं असेल, त्यालाच परिणामकारकता म्हणा.

तेव्हा शीर्षक ठरवण्याआधी जवळच्या एखाद्या शाळेत परवानगी काढून दोन तास मागून घ्या. हातात वही ठेवा आणि एकच प्रश्न विचारत राहा : ‘असं का वाटतं तुला?’